स्प्रिंगच्या हवाई रायफलीवर टिकणारी दुर्बीण : निवड आणि पारख

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण नेमबाजीच्या मैदानावर जितक्या वेळा ऐकू येते, तितकी ती क्वचितच अन्यत्र ऐकू येत असेल. नेम चुकला की नवशिका बंदुकीला दोष देतो आणि मार्गदर्शक नवशिक्याला. बहुतेक वेळा मार्गदर्शकाचेच खरे असते. श्वास रोखण्यात, चाप ओढण्यात अथवा दस्ता खांद्याशी टेकविण्यात काही तरी चूक झालेली असते. परंतु स्प्रिंगच्या शक्तीवर चालणाऱ्या हवाई रायफलीवर दुर्बीण बसविलेली असेल, तर कधीकधी अंगण खरोखरच वाकडे असते, आणि ते वाकडे असल्याचे वरून मुळीच दिसत नाही.

एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी नव्याने सुरू झालेल्या सराव केंद्राची कल्पना करावी. पहिल्या आठवड्यात मुलांचे पाच-पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ पडतात. सर्वांना हुरूप येतो. तिसऱ्या आठवड्यात त्याच मुलांचे छर्रे तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. प्रथम हाताच्या थरथरीला दोष दिला जातो, मग छर्ऱ्यांच्या डबीला, आणि शेवटी मुलाच्या चित्ताच्या एकाग्रतेला. महिनाभराने कोणी तरी दुर्बीण कानाशी धरून हलविते, तेव्हा आतून बारीक खुळखुळ ऐकू येते. तोपर्यंत दोन-तीन मुलांनी ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे ठरवून मैदानाकडे पाठ फिरविलेली असते. दुर्बीण पुन्हा विकत आणता येते. हरपलेला आत्मविश्वास बाजारात मिळत नाही. म्हणूनच या लहानशा दिसणाऱ्या उपकरणाची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

हवाई रायफलींचे प्रकार

हवेच्या दाबाने छर्रा फेकणाऱ्या रायफली ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात हवा आधीच टाकीत किंवा कोठीत भरून ठेवलेली असते आणि चाप ओढताच झडप उघडून ती छर्ऱ्यामागे सुटते. दुसऱ्या प्रकारात हवेच्या जागी कार्बन डायऑक्साइड वायूची कुपी असते. तिसरा, स्वस्त व सुटसुटीत प्रकार म्हणजे स्प्रिंगची रायफल. तिच्यात दाबलेली हवा साठविलेली नसतेच. नळी मोडून अथवा खालचा दांडा ओढून एक दणकट स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच ही स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि पिस्टनपुढील हवा त्या क्षणी दाबली जाऊन छर्रा निघतो.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून दहा मीटर एअर रायफल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळला जात आहे. तथापि त्या स्पर्धेत वस्तू मोठी करून दाखविणारी दुर्बीण चालत नाही. तेथे बारीक छिद्रातून नेम धरावयाचा असतो. दुर्बिणीचा प्रश्न उद्भवतो तो मोकळ्या मैदानातील सरावात, घरच्या अंगणातील कागदी लक्ष्यावर, आणि विशेषतः ‘फील्ड टार्गेट’ या खेळात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये भरभराटीस आलेल्या या खेळात निरनिराळ्या अंतरांवर धातूच्या आकृत्या उभ्या केलेल्या असतात आणि आकृतीतील लहानशा गोल छिद्रातून छर्रा गेला तरच ती खाली पडते. अशा खेळात दुर्बीण दोन-तीन मिनिटांच्या कोनाने हलली तरी गुण हातचा जातो.

दोन दिशांचा धक्का

बंदूक उडाली की ती मागे धक्का देते, हे सर्वांना ठाऊक आहे. काडतुसाच्या रायफलीत हा धक्का गोळी आणि तप्त वायू पुढे गेल्यामुळे उत्पन्न होतो, आणि तो एकाच दिशेने, म्हणजे मागे, लागतो. स्प्रिंगच्या रायफलीत मात्र धक्क्याचे खरे कारण छर्रा नसून पिस्टन होय. हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल.

अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला असे मानू. त्याची ऊर्जा १० जूल आणि त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ०.१ एवढा येतो. आता पिस्टन पाहावा. त्याचे वजन २५० ग्रॅम असून तो ८० मिलिमीटरचे अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात कापतो असे धरले, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला ८ मीटर आणि संवेग २ येतो. म्हणजेच छर्ऱ्याच्या वीसपट. याच पिस्टनच्या प्रतिक्रियेने साडेतीन किलोची रायफल पाच ते सहा मिलिमीटर मागे सरकते.

येथपर्यंत गोष्ट नेहमीसारखीच आहे. निराळेपणा पुढे आहे. पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी पोहोचतो तेव्हा त्याच्यापुढील हवा अतिशय दाबली गेलेली असते. अखेरच्या काही मिलिमीटरांत ही हवा पिस्टनला थोपविते आणि किंचित मागेही उसळविते. पिस्टनचा तो सारा संवेग रायफलीला परत मिळतो आणि मागे निघालेली रायफल एकाएकी पुढे फेकली जाते. पिस्टनला वेग येण्यास लागलेला काळ तुलनेने दीर्घ असतो. त्याला थांबविण्याचा काळ फारच अल्प असतो. तेवढाच संवेग कमी वेळात बदलावयाचा म्हणजे धक्का अधिक तीव्र होणार, हे ओघानेच आले. यास्तव स्प्रिंगच्या रायफलीचा पुढचा धक्का हा मागच्या धक्क्याहून कडक असतो. बैलगाडीत बसलेल्याला गाडी निघताना जो हिसका बसतो त्यापेक्षा दगडावर आदळून थांबताना अधिक बसतो, तसाच हा प्रकार होय.

खांद्याला हा पुढचा धक्का फारसा जाणवत नाही, कारण तो खांद्यापासून दूर जाणारा असतो. त्यामुळे ‘हवाई बंदूक ती काय, तिला कसला धक्का’ अशी समजूत सहज होते. दुर्बिणीला मात्र तो पुरेपूर जाणवतो.

दुर्बिणीच्या अंतर्भागात

दुर्बीण बाहेरून एक साधी धातूची नळी दिसते. आत मात्र बरीच नाजूक मांडणी असते. पुढचे मोठे भिंग लक्ष्याची उलटी प्रतिमा तयार करते. मधोमध एक लहान नळी असून तिच्यातील भिंगे ती प्रतिमा सुलटी करतात. ही आतील नळी एका टोकाशी हलत्या सांध्यावर बसविलेली असते. तिचे दुसरे टोक दोन जुळवणीच्या स्क्रूंना टेकलेले असते आणि समोरून एक लहान स्प्रिंग त्या टोकाला स्क्रूंवर सतत दाबून धरते. नेम वर-खाली वा डावी-उजवीकडे करण्यासाठी बाहेरची फिरकी फिरविली की हे स्क्रू आतील नळी किंचित हलवितात. नेम धरण्याची फुलीदार रेघ, जिला रेटिकल म्हणतात, तीही याच मांडणीत असते.

काडतुसाच्या रायफलीसाठी बनविलेल्या दुर्बिणीत भिंगे व कडी बसविताना मागच्या दिशेने येणाऱ्या धक्क्याचा विचार मुख्यत्वे केलेला असतो. पुढच्या दिशेने तितकाच कडक हिसका दर वेळी बसेल, ही अपेक्षा त्या रचनेत असेलच असे नाही. म्हणून मोठ्या शिकारी रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या हवाई रायफलीवर काही शेकडा छर्ऱ्यांतच निकामी झाल्याची उदाहरणे घडतात. दुर्बीण मुळात वाईट असते असे नव्हे. ती दुसऱ्या कामासाठी घडविलेली असते.

आत नेमके काय बिघडते? कधी भिंगाला धरणारे आट्यांचे कडे सैल होते. कधी तारेची रेघ तुटते अथवा तिरपी फिरते. कधी आतील नळीला दाबून धरणारी स्प्रिंग धक्क्यासरशी क्षणभर दबते आणि नळी पूर्वीच्याच जागी परत बसत नाही. कधी सांध्यातील रबराचे कडे हलून आतला कोरडा वायू निघून जातो आणि पावसाळ्यात भिंगावर आतून धुके धरते. यांपैकी तिसरा दोष सर्वांत फसवा होय, कारण दुर्बिणीतून पाहताना सर्व काही स्वच्छ आणि जागच्या जागी दिसते.

हा दोष किती लहान आणि त्याचा परिणाम किती मोठा, हेही हिशेबाने पाहता येते. पुढच्या भिंगाची नाभीय लांबी १५० मिलिमीटर मानली आणि त्या भिंगाच्या प्रतिमेच्या जागी आतील नळी केवळ ०.१ मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवरील लक्ष्यावर छर्रा सुमारे १७ मिलिमीटर बाजूला पडतो. जाड केसाएवढी आतली हालचाल आणि बाहेर बोटाच्या रुंदीएवढी चूक, असे हे प्रमाण आहे.

चार गैरसमज

‘महाग दुर्बीण म्हणजे टिकाऊ दुर्बीण’ हा पहिला गैरसमज. उत्तम भिंगांसाठी मोजलेली किंमत चित्र स्वच्छ दाखविते. पुढचा धक्का सोसण्याची हमी ती आपोआप देत नाही. त्या हमीची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.

‘मोठ्या बंदुकीवर टिकली म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीवर टिकेलच’ हा दुसरा. याचे निराकरण वर झालेच आहे.

तिसरा गैरसमज गॅसच्या रायफलींविषयी आहे. अलीकडे अनेक रायफलींत लोखंडी स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूचा बंद दांडा बसविलेला असतो. त्यात स्प्रिंगची झणझण नसते, म्हणून धक्काही नसावा असे वाटते. वस्तुतः पिस्टन तसाच धावतो आणि तसाच थांबतो. हिसका तेवढाच, किंबहुना अधिक झटकन लागतो. अशा रायफलीसाठी दुर्बीण निवडताना तिला स्प्रिंगची रायफलच समजावे.

चौथा गैरसमज सूक्ष्म आहे. काही रायफलींत यंत्राचा सारा भाग दस्त्यावरील रुळांवर सरकतो, त्यामुळे नेमबाजाच्या खांद्याला धक्का लागत नाही. जर्मनीतील फाइनवेर्कबाऊ कंपनीची ३०० ही स्पर्धेची रायफल आणि डायाना कंपनीचे ५४ क्रमांकाचे मॉडेल ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. परंतु दुर्बीण दस्त्यावर नव्हे, सरकणाऱ्या भागावर बसते. खांदा सुटला तरी दुर्बीण सुटत नाही. डायानाच्याच काही जुन्या स्पर्धा-मॉडेलांत दोन पिस्टन परस्परविरुद्ध दिशांनी धावून एकमेकांचा धक्का नाहीसा करीत. तेथे मात्र दुर्बिणीलाही खरोखरच विसावा मिळतो. धक्का ‘जाणवत नाही’ आणि धक्का ‘होत नाही’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा यातील बोध.

निवडीच्या कसोट्या

पहिली कसोटी निर्मात्याच्या स्पष्ट निर्देशाची. ‘हवाई रायफलीसाठी’ एवढे शब्द पुरेसे नाहीत, कारण टाकीच्या रायफलीला धक्का जवळजवळ नसतोच. ‘स्प्रिंगच्या हवाई रायफलीसाठी योग्य’ असे माहितीपत्रकात अथवा हमीपत्रात लिहिलेले असावे. दुकानदाराचे तोंडी आश्वासन कितीही मनापासूनचे असले तरी वेळेला उपयोगी पडते ते लेखी वाक्यच.

दुसरी कसोटी रेटिकलची. बारीक तारेची रेघ हिसक्याने तुटू अथवा ढळू शकते. काचेवर कोरलेली रेघ या बाबतीत अधिक भरवशाची असते.

तिसरी कसोटी वजनाची. दुर्बीण जितकी जड तितके तिचे जडत्व अधिक, आणि रायफल झटक्याने पुढे गेली की ती तितक्याच जोराने मागे राहू पाहते. हिशेबापुरता हिसका गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट धरला, तर अर्ध्या किलोची दुर्बीण त्या क्षणी आपल्या पकडीला ५० किलोच्या ओढीने खेचते, आणि पाव किलोची २५ किलोच्या. मोठे भिंग, जाड नळी, विजेचा दिवा ही सारी सोय वजनाच्या रूपाने वसूल होते. कामापुरती लांबी व कामापुरते भिंग असलेली आटोपशीर दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलीला मानवते.

चौथी कसोटी जवळच्या अंतराची. डोळा दुर्बिणीच्या मध्यरेषेवरून किंचित ढळला तर रेघ लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते. यास पॅरॅलॅक्स म्हणतात. काडतुसाच्या रायफलीच्या पुष्कळ दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, हा दोष राहू नये अशा जुळविलेल्या असतात. ४० मिलिमीटर भिंगाची अशी दुर्बीण २५ मीटरच्या लक्ष्यावर रोखली, तर डोळा अगदी कडेला असताना सुमारे १४ मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. म्हणून ज्या दुर्बिणीवर अंतराची जुळवणी आहे आणि जी दहा मीटरपर्यंत खाली आणता येते, ती निवडावी. ही जुळवणी करणारे कडे मात्र घट्ट फिरणारे असावे. जे हाताला सैल लागते, ते धक्क्याने आणखी सैल होते.

पाचवी कसोटी मोठेपणाची. नवशिक्याला नऊपट, बारापट, सोळापट मोठे दिसणारे चित्र मोहात पाडते. पण चित्र जितके मोठे तितकी हाताची थरथरही मोठी दिसते आणि दृष्टिक्षेत्र आकुंचित होते. शिवाय पट बदलण्याची यंत्रणा म्हणजे आत आणखी हलणारे भाग. दहा ते तीस मीटरच्या सरावाला चारपट मोठे दाखविणारी एकाच मापाची दुर्बीण बहुधा पुरते. ज्याला बदलती हवी त्याने तीन ते नऊपटीच्या मर्यादेत राहावे.

पकड आणि बैठक

दुर्बीण उत्तम असून पकड कच्ची असेल तर सारे व्यर्थ. रायफलीच्या सिलिंडरवर दोन समांतर खाचा असतात आणि दुर्बिणीचे माउंट त्या खाचांना बाजूने आवळून बसते. पुष्कळ हवाई रायफलींवर या खाचांची रुंदी सुमारे ११ मिलिमीटर असते. माउंट घेताना रायफलीचे माप प्रत्यक्ष घ्यावे. रायफल पुढे फेकली जात असल्याने दुर्बीण माउंटसह हळूहळू मागे, म्हणजे नेमबाजाच्या डोळ्याकडे, सरकते. हे सरकणे थांबविण्यासाठी सिलिंडरवर छिद्र असल्यास त्यात बसणारी खुंटी असलेले माउंट घ्यावे. छिद्र नसल्यास मागच्या माउंटच्या पाठीशी एक स्वतंत्र अडसर आवळून बसवावा. दोन सुट्या कड्यांपेक्षा लांब, एकसंध माउंटची पकड अधिक जागेवर पसरते व म्हणून अधिक खात्रीची असते.

बसविण्यापूर्वी खाचा आणि माउंटचे तळ तेलाचा अंश न राहील असे पुसावेत. कड्यांचे स्क्रू एकदम एकाच बाजूने न आवळता आळीपाळीने, तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. अतिरेकी जोर लावल्यास दुर्बिणीची नळी चेपते आणि आतली हलणारी मांडणी अडकते. सैलपणाइतकाच हाही दोष वाईट.

येथे आणखी एका लपलेल्या कारणाचा उल्लेख आवश्यक आहे. मोडून भरावयाच्या रायफलीत नळी कधीकधी सिलिंडरच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. उघड्या माशीने नेम धरताना ते लक्षात येत नाही, कारण माशीचा एक भाग नळीवरच असतो. दुर्बीण मात्र सिलिंडरवर बसते. अशा रायफलीचा छर्रा २५ मीटरवर २०० मिलिमीटर खाली पडत असेल, आणि फिरकीच्या प्रत्येक टिचकीने तो १.८ मिलिमीटर वर येत असेल, तर सुमारे ११० टिचक्या वर जावे लागेल. पुष्कळ दुर्बिणींत वरच्या बाजूला जवळपास तेवढाच वाव असतो. फिरकी अशी टोकापर्यंत वर नेली की आतील नळीला दाबणारी स्प्रिंग ताणून ढिली पडते आणि प्रत्येक धक्क्यासरशी नळी जागा बदलते. दुर्बीण सदोष नसूनही सदोष वागू लागते. यावर उपाय म्हणजे मागच्या बाजूने किंचित उंच असलेले, नळीचा झुकाव भरून काढणारे माउंट वापरून फिरक्या शक्य तितक्या मध्याजवळ ठेवणे.

दोष शोधण्याचा क्रम

छर्रे विखुरू लागले की लगेच दुर्बीण बदलणे हा खर्चिक मार्ग आणि लगेच मुलाला बोल लावणे हा अन्यायाचा मार्ग. दोहोंच्या मध्ये तपासणीचा एक साधा क्रम आहे.

प्रथम दस्त्याचे स्क्रू पाहावेत. स्प्रिंगच्या हादऱ्यांनी ते वारंवार सैल होतात आणि केवळ ते आवळल्याने रायफल पूर्ववत झाल्याचा अनुभव पुष्कळांना येतो. नंतर माउंटचे स्क्रू पाहावेत. नळीवर कड्याच्या लगत पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ठेवली आणि पन्नास छर्ऱ्यांनंतर ती कड्यापासून दूर गेलेली दिसली, तर दुर्बीण सरकते आहे हे निश्चित समजावे. तिसऱ्या पायरीला छर्रे बदलून पाहावेत. चौथ्या पायरीला पकड पाहावी. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरली तर धक्क्याची वाट दर वेळी बदलते. तळहातावर हलकेच टेकवून तिला मोकळेपणाने हलू द्यावे लागते.

एवढे करूनही सुधारणा नसेल, तर रायफलीवर उघडी माशी असल्यास दुर्बीण काढून तिनेच दहा मीटरवर पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन गट मारावेत. उघड्या माशीने गट लहान आणि दुर्बिणीने मोठा येत असेल, तर दोष कोणाचा याविषयी शंका उरत नाही. दुर्बिणीची अखेरची परीक्षा चौकोनाची. एकाच ठिपक्यावर नेम धरून प्रथम एक गट मारावा. मग वीस टिचक्या वर, वीस उजवीकडे, वीस खाली आणि वीस डावीकडे अशा क्रमाने प्रत्येक टप्प्यावर गट मारीत जावे. निरोगी दुर्बिणीचा शेवटचा गट पहिल्यावर येऊन बसतो आणि कागदावर स्वच्छ चौकोन उमटतो. चौकोन वाकडा आला तर अंगणच वाकडे आहे, असे निःशंकपणे म्हणावे.

नवी दुर्बीण घेतल्यावर ही परीक्षा बसविताच एकदा, आणि साधारण पाचशे छर्ऱ्यांनंतर पुन्हा एकदा घ्यावी. दोन्ही कागद तारखेसह जपून ठेवल्यास हमीच्या मुदतीत तक्रार करताना तेच सर्वांत बोलका पुरावा ठरतात.

रायफलीची निगा हीदेखील दुर्बिणीचीच निगा होय. छर्रा न घालता चाप ओढू नये. पुढे छर्ऱ्याचा अडथळा नसल्याने हवा निसटते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकावर उघडा आदळतो. सिलिंडरमध्ये भलते तेल सोडू नये. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेते, मोठा आवाज होतो आणि धक्का अनेकपटींनी वाढतो. अतिशय हलके छर्रे वेगाच्या मोहाने वापरणेही त्याच कारणाने टाळावे.

संस्थांच्या दृष्टीने

शाळा, व्यायामशाळा आणि सराव केंद्रे यांच्याजवळ निधी मर्यादित असतो व खरेदी बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेने होते. अशा वेळी मागणीपत्रात केवळ ‘दुर्बीण, नग अमुक’ एवढेच लिहिल्यास जे सर्वांत स्वस्त ते येते आणि काही महिन्यांत कपाटात जाते. त्याऐवजी स्प्रिंगच्या रायफलीसाठी लेखी हमी, काचेवर कोरलेले रेटिकल, दहा मीटरपर्यंतची अंतर-जुळवणी, वजनाची कमाल मर्यादा आणि खुंटीचे एकसंध माउंट या पाच अटी मागणीपत्रात घातल्या, तर किंमत थोडी वाढते, पण पुनःखरेदीचा खर्च वाचतो. सर्व रायफलींवर दुर्बिणी बसविण्याऐवजी निम्म्या रायफली उघड्या माशीच्या ठेवल्यास शिक्षणाचा पाया पक्का होतो, आणि दोष कोठे आहे याची तुलना करण्याचे साधनही हाताशी राहते.

कायद्याची जाणीवही येथे असू द्यावी. शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राचा व्यास ४.५ मिलिमीटरहून किंवा ऊर्जा २० जूलहून अधिक आहे, त्याला परवाना लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पशुपक्ष्यांवर नेम धरणे हा गुन्हा आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीला त्यातून सूट नाही. लक्ष्यामागे छर्रा अडविणारी भक्कम आडभिंत आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याखेरीज सराव सुरू करू नये. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

दुर्बीण नेमबाज घडवीत नाही. तो श्वासाने, संयमाने आणि हजारो छर्ऱ्यांच्या सरावाने घडतो. दुर्बिणीने एवढेच करावयाचे असते की चुकलेला छर्रा कोणाच्या चुकीने चुकला हे खरे सांगावे. हात चुकला असेल तर मुलाला सुधारता येते, कारण त्याला आपली चूक कागदावर दिसते. परंतु उपकरणच दर वेळी निराळे बोलू लागले, तर शिकणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवावा? म्हणून ‘नाचता येईना’ असे म्हणण्यापूर्वी मार्गदर्शकाने एकदा अंगण तपासून घ्यावे. त्याला लागतात एक पेचकस, एक पेन्सिल, पंचवीस छर्रे आणि अर्धा तास.